गाडी विकणे नाही

आमच्या सोसायटीत प्रकृतीची चौकशी दोघांचीच होते. एक, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आणि दुसरी, माझी गाडी. चौकशीचा मजकूरही साधारण एकच असतो. ‘काय, कसं काय? फार खोकत होते म्हणे!’ आजोबा रात्री खोकतात, गाडी सकाळी खोकते. ‘मग दाखवलंत का कुणाला?’ हा पुढला प्रश्नही तोच. फरक एवढाच की, आजोबांच्या बाबतीत ‘आता विकून टाका’ असे कोणी म्हणत नाही. निदान तोंडावर म्हणत नाही.

माझ्या गाडीच्या बाबतीत मात्र सगळे म्हणतात. शेजारी म्हणतात, मेहुणे म्हणतात, ऑफिसातले सहकारी म्हणतात. परवा तर गाडी पुसायला येणारा मुलगा म्हणाला, ‘काका, पुसून काय होणार?’ अशा सर्वांना एकदाच आणि लेखी उत्तर द्यावे म्हणून हा प्रपंच. बँकेत वीस वर्षे काढल्यामुळे तोंडी व्यवहारावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

प्रथम प्रतिवादी क्रमांक एक, म्हणजे गाडी. तिच्या कंपनीचे नाव मी सांगणार नाही. इतक्या वर्षांनी तिच्यात मूळ कंपनीचे किती आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांचे किती, हे सांगणे आता कठीण आहे. जन्म २००८ सालचा. माझ्याकडे ती २०१४ साली सेकंडहँड आली. सेल्फ मारला की ती आधी विचार करते. कधी होकार देते, कधी सवड मागते. आमची ही शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसते आणि म्हणते, ‘घाई करू नका अहो, तिला ठरवू द्या.’ हॉर्न फक्त स्टिअरिंग डावीकडे वळवले असतानाच वाजतो, त्यामुळे उजवीकडून येणाऱ्या लोकांचा माझ्याविषयी फार चांगला ग्रह आहे. मागची डावी काच लाकडी पाचर मारून बसवली आहे. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो. टाकी भरली तरी अर्ध्यावर, रिकामी झाली तरी अर्ध्यावर. स्थितप्रज्ञाची लक्षणे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहेत. मी ती डॅशबोर्डवर पाहतो.

थोडक्यात, गाडी बेभरवशाची आहे हे मला मान्य आहे. पण ‘बेभरवशाची आहे’ येथपासून ‘विकून टाका’ येथपर्यंत लोक जी उडी मारतात, तिच्या मध्ये जी दरी आहे ती साधारण साडेसात लाखांची आहे. आणि ती उडी मला मारायची आहे, सल्लागारांना नव्हे.

आमचे मेहुणे ही उडी फार सोपी करून सांगतात. ‘दाजी, आता साडेसात लाख कोण मोजतं? हप्ता मोजायचा! महिन्याला नऊ-साडेनऊ हजार. कळतसुद्धा नाही!’ जी गोष्ट कळत नाही तिची मला लहानपणापासून भीती वाटते. शिवाय मी बी. कॉम. आहे. बी. कॉम. झालेल्या माणसाला जगात दुसरे काही येत नसले, तरी नावे आणि जमा ह्या दोन बाजू येतात. तेव्हा मेहुण्यांच्या देखतच मी हिशेब केला.

समजा, दीड लाख पदरचे घातले आणि सहा लाखांचे कर्ज काढले. व्याज नऊ टक्के, मुदत सात वर्षे. हप्ता येतो ९,६५३ रुपये. असे चौऱ्याऐंशी हप्ते भरले की एकूण होतात सुमारे ८ लाख ११ हजार. म्हणजे व्याजापोटी दोन लाख अकरा हजार वर गेले. मेहुणे म्हणाले, ‘पण गाडी तर आपली झाली ना?’ झाली. पण कोणती झाली? विमेवाले वापरतात त्या तक्त्याप्रमाणे गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के उतरलेली धरतात, वर्षाच्या आत पंधरा टक्के आणि पाचव्या वर्षात पन्नास टक्के. म्हणजे पाच वर्षे इमानाने हप्ते भरून झाल्यावर हातात अर्धी गाडी उरते आणि डोक्यावर वर आणखी दोन लाख अकरा हजारांचे मुद्दल शिल्लक असते. ह्याला वाणिज्य शाखेत घसारा म्हणतात. माझ्या गाडीचे वैशिष्ट्य हे की, तिला जेवढे घसरायचे होते तेवढे ती घसरून बसली आहे. आता ती फक्त उतारावर घसरते, आणि तेही हँडब्रेक ओढायला विसरलो तरच.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल की बँकवाला आहे, आपल्या सोयीचा ताळेबंद दाखवतो. गाडीच्या खर्चाची मी वही ठेवली आहे. गेल्या आर्थिक वर्षात बॅटरी ४,२००, क्लच प्लेटचा सेट मजुरीसह ५,६००, दोन टायर ६,८००, रेडिएटरचे काम ३,५००, सेल्फची दुरुस्ती २,३००, पेट्रोलचा पाइप ९०० आणि दोन वेळची सर्व्हिसिंग ४,८००. शिवाय गाडीने नकार दिला त्या दिवशीचे रिक्षाभाडे १,८७०. एकूण २९,९७० रुपये. नव्या गाडीचे वर्षाचे हप्ते होतात १,१५,८३६. फरक ८५,८६६ रुपये. ह्या आकड्याला आमच्या घरात एक नाव आहे. तो मुलीच्या कॉलेजच्या फीचा आकडा आहे. जवळजवळ बरोबर बसतो. जे वर चार-सहा हजार लागतात, तेवढे आम्ही दिवाळीत कमी फराळ करून भागवतो, आणि त्याने माझ्या पोटाचाही फायदाच होतो.

ह्यावर मेहुण्यांनी हुकमाचे पान टाकले. ‘पण दाजी, आता जीएसटी कमी झालाय!’ हे खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात मला जितके फोन आले तितके माझ्या लग्नातही आले नव्हते. एका शोरूममधली मुलगी तर इतक्या गोड आवाजात म्हणाली, ‘सर, तुमचे सत्तर हजार वाचतायत!’ मी म्हटले, ‘बाई, मी गाडीच घेतली नाही तर माझे साडेसात लाख वाचतात.’ पलीकडे थोडी शांतता पसरली. मग ती म्हणाली, ‘सर, मी तुम्हाला संध्याकाळी कॉल करू का?’ न केलेल्या खर्चात सवलत मिळाली म्हणून तो खर्च करणे, ह्याला हल्ली बचत म्हणतात.

आता मूळ मुद्दा. हिशेब वगैरे बाजूला ठेवा. मला नवी गाडी परवडत नाही.

हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरला नाही, पण हे मी चारचौघांत म्हटले की ऐकणाऱ्यांचे चेहरे थरथरतात. मी काहीतरी अश्लील बोललो असे वाटून ते इकडेतिकडे पाहू लागतात. मग कोणीतरी सावरून घेते, ‘छे छे, तुम्हाला न परवडायला काय झालं! बँकेत आहात!’ आमची आई मंडईत भाजीवाल्यासमोर उभी राहून ‘परवडत नाही हो’ हे वाक्य इतक्या खणखणीत आवाजात म्हणे की शेजारचे दोन गाळे भाव उतरवत. त्यात लाज नव्हती, उलट एक प्रकारचा मान होता. आपल्या पिशवीत किती आहे हे माहीत असलेल्या बाईचा मान. मधल्या चाळीस वर्षांत आपण बरेच काही मिळवले आणि हे एक वाक्य मात्र गमावून बसलो.

ते कसे गमावले, हे मी रोज काउंटरच्या आतल्या बाजूने पाहतो. लोक ‘पात्र’ आणि ‘परवडणारा’ ह्या दोन शब्दांत गल्लत करतात. तुमचा पगार अमुक, तुमची जुनी कर्जे तमुक, तेव्हा तुम्ही सहा लाखांच्या कर्जाला पात्र आहात, असे बँक सांगते. ती एवढेच सांगत असते की तुम्ही पैसे परत कराल असा तिचा अंदाज आहे. ते परत करताना तुम्ही काय खाल, मुलीला कुठे शिकवाल आणि आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ह्या वर्षी की पुढच्या वर्षी, हे बँक विचारत नाही. तिने विचारायचेही नाही. ते विचारणे हे आपले काम. पण मंजुरीचा मेसेज आला की लोकांना वाटते, एवढी मोठी बँक म्हणते परवडेल, तर परवडत असेलच!

असाच एक तरुण मागे सात तारखेला माझ्यासमोर आला. ‘सर, पाच तारखेचा हप्ता गेला नाही. खात्यात पैसे नव्हते, पगार दहाला होतो. तारीख पुढे करून मिळेल का?’ हप्ता चुकल्याचा दंड लागला होता, थकलेल्या हप्त्यावर व्याज चढणार होते. दोन महिन्यांपूर्वीही तसेच झाले होते. मी अर्ज दिला, सही कुठे करायची ते दाखवले. सही करताना त्याने हळूच विचारले, ‘घरी पत्र तर नाही ना येणार? वडिलांना सांगितलेलं नाही.’ मग तो बाहेर गेला. दारात त्याची गाडी उभी होती. पांढरीशुभ्र, सीटवरचे प्लॅस्टिक अजून न काढलेली. बटण दाबताच ती आवाज न करता सुरू झाली. मला माझ्या गाडीचा हेवा वाटला. तिला धक्का मारावा लागतो, पण तो चार लोकांच्या देखत, दिवसाढवळ्या मारता येतो. हप्त्याला धक्का मारायला माणूस कोणाला बोलावणार? आठवडा, खंडणी आणि कर्जफेड ह्या तिन्ही गोष्टींना आपल्याकडे ‘हप्ता’ हा एकच शब्द आहे, हा निव्वळ योगायोग नसावा.

परवडण्याच्या मुद्द्यावर मी ऐकत नाही असे दिसले की सल्लागार मला सरकारची भीती घालतात. ‘पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं!’ तसे नाही हो! १३ ऑगस्ट २०२१ रोजी वाहने मोडीत काढण्याचे जे धोरण जाहीर झाले, त्यात खाजगी गाडीचे नुसते वय पाहिलेले नाही, तिची तपासणी पाहिली आहे. पंधरा वर्षांनी आर.टी.ओ.त गाडी दाखवायची, ती पास झाली की पुढल्या पाच वर्षांची नोंदणी मिळते. मात्र ह्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून एकदम पाच हजार झाली. २०२३ साली मी ती निमूटपणे भरली. दिल्लीची गोष्ट वेगळी. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, आणि १ जुलै २०२५ ला तर पंपावर त्यांना पेट्रोलच द्यायचे नाही असा प्रयोग सुरू झाला. तो काही दिवसांतच थांबवावा लागला. पण आमच्या सोसायटीत दिल्लीची बातमी दुपारी पोहोचते आणि संध्याकाळी ती कायदा होऊन माझ्या दारात येते.

बरे, मोडीत काढली तर मिळते काय? त्या धोरणाप्रमाणे नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगाराचे, आणि रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट. पण ही सूट नवी गाडी घेतलीत तर! म्हणजे बुडणाऱ्याला दोर दिलेला आहे, पण तो नव्या गाडीच्या बंपरला बांधलेला आहे.

पेट्रोलचा पाइप नऊशे रुपयांना बदलला असे वर म्हटले, त्याचीही कथा आहे. मिस्त्रींनी जुना पाइप माझ्या हातावर ठेवला आणि वैद्याच्या गांभीर्याने म्हणाले, ‘साहेब, इथेनॉल.’ देशाने २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. जुन्या गाड्यांची रबरे मात्र त्या काळातली नव्हेत. हे निदान किती खरे ते मिस्त्रींनाच ठाऊक, पण मला त्याचे फारसे दुःख झाले नाही. आम्ही पश्चिम महाराष्ट्रातली माणसे. ऊस आमच्या शेतात होता, सहकारात होता, राजकारणात होता. तो टाकीत कधी उतरतो एवढेच पाहायचे राहिले होते.

आता विरोधकांचा एकच मुद्दा असा आहे की ज्याच्यापुढे मी मान खाली घालतो. तो म्हणजे सुरक्षिततेचा. २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस ब्रेक आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, २०२२ पासून शेजारच्या सीटचीही. माझ्या गाडीत ह्यांतले काही नाही. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण नियम आहेत. टायर आणि ब्रेक ह्यांत काटकसर करायची नाही. काच पाचरीवर चालेल, ब्रेक पाचरीवर चालणार नाही. पट्टा सगळ्यांनी लावायचा, मागे बसणाऱ्यांनीही. पीयूसी वेळेवर, धूर काळा दिसला की गाडी आधी गॅरेजात, मग ऑफिसात. रात्री हायवेवर जायचे नाही, आणि साताऱ्याला जायचे तर खंबाटकी आमच्यासाठी एस.टी.ने चढावी. दवाखान्याला निघताना गाडीकडे पाहायचेसुद्धा नाही, सरळ रिक्षा. एवढे पाळून उरलेल्या आयुष्यात, म्हणजे ऑफिस, मंडई, मुलीचा क्लास आणि सासुरवाडी ह्या चौकोनात, गाडी मला पुरते. सासुरवाडीला जाताना बंद पडली तरी माझी तक्रार नसते.

आणि जुनी गाडी वापरणे ही दारिद्र्याची खूण केव्हापासून झाली? कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघत, पुढे जिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. त्या गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत आणि मिळाली की ती जन्मभर सांभाळत. रविवारी सकाळी बनियनवर उभे राहून गाडीच्या पोटात डोके घालणारा गृहस्थ हा तेव्हा कर्तबगार समजला जाई. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा किती लोक हळहळले! फोटो काढले, आठवणी लिहिल्या. तीच माणसे माझ्या गाडीजवळून जाताना नाकाला रुमाल लावतात. गेल्यावर हळहळायचे आणि असेपर्यंत हिणवायचे, ही आपली रीत माणसांपुरती तरी ठेवावी, वाहनांना लावू नये.

आमच्या मिस्त्रींचाच विचार करा. ते नुसत्या आवाजावरून दुखणे सांगतात. ‘साहेब, काम निघालंय’ हे त्यांचे वाक्य ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. पण ते काम ते काढतात, निस्तरतात आणि जुना भाग दाखवून पैसे घेतात. त्यांचा मुलगा मात्र गॅरेजात येत नाही. तो एका शोरूममध्ये लागला आहे. तिथे भाग दुरुस्त करत नाहीत, आख्खा बदलतात. बिघडलेली वस्तू उघडून पाहणारा माणूस आणि ती दुरुस्त होईपर्यंत थांबणारा माणूस, ह्या दोन जाती एकदमच संपत चालल्या आहेत. मी दुसऱ्या जातीतला आहे. गाडी विकून मी एकटाच सुटेन, मिस्त्रींचे काय?

तेव्हा सर्व संबंधितांस ह्या लेखाद्वारे कळवण्यात येते की, गाडी विकणे नाही. मुलीचे शिक्षण पुरे होईपर्यंत तरी नाही. पुढे परवडली तर घेऊ, आणि नाही परवडली तर तेही खणखणीत आवाजात सांगू. तोपर्यंत ज्यांना माझा फारच कळवळा आहे त्यांनी सल्ला देण्याऐवजी मागे येऊन हात लावावा. वेळ सकाळी सव्वानऊची. आमच्या गेटपासून पुढे चांगला उतार आहे, फार जोर लागत नाही.